बाबांच्या कोंबड्यांसाठी

८ फेब्रुवारी, रविवार

यांच्या औषधांच्या दुकानात दर वर्षी कंपन्या डायऱ्या वाटतात. दर वर्षी मी एक घेते आणि चार दिवसांत सोडून देते. या वर्षी तर उघडलीही नव्हती. आज उघडली, कारण आज मी सगळ्यांसमोर एक गोष्ट करीन म्हणून बसले आणि ती मला येत नाही.

बाबांकडे गेलो होतो. दादा, वहिनी, मी आणि हे. छातीच्या दुखण्यातून बाबा उठले, पण एकटे राहण्याजोगे राहिले नाहीत हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. दादानं विषय काढला, "बाबा, आता आमच्याकडे चला." दादाचं घर आठव्या मजल्यावर.

"आणि कोंबड्या?" बाबा म्हणाले.

"देऊन टाकू कुणाला तरी."

बाबांनी कप बशीत असा ठेवला की विषय तिथंच मिटला. सात कोंबड्या आहेत त्यांच्याकडे. आई गेल्यावर पाळल्या, आणि आता त्यांच्याशी जेवढं बोलतात तेवढं आमच्याशी बोलत नाहीत.

माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या मागच्या अंगणात राहतील की."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हेसुद्धा. बाबा म्हणाले, "मोकळ्या नाही सोडायच्या. चारी बाजूंनी जाळी पाहिजे, वरूनही. आणि माणसाला उभ्यानं आत जाता आलं पाहिजे. तसं झालं की सांग, मग बघू."

दादा हसला. "चिमणे, तुला पडद्याचा रॉड सरळ बसवता आला नव्हता."

खरं आहे. तो अजून तिरका आहे.

निघताना हात धुवायला गेले तर बाथरूमचं दार काढून भिंतीला टेकवून ठेवलेलं, बिजागऱ्या उचकटलेल्या, आणि दाराच्या जागी चादर टांगलेली. बाबा म्हणाले, "फुगलं होतं. दूधवाल्यानं काढून दिलं." त्यांचं कोपर काळंनिळं दिसलं. त्यावर म्हणाले, "कोंबडीनं टोचलं." केवढी चोच म्हणायची ती!

१० फेब्रुवारी, मंगळवार

सकाळची मुलं शाळेत सोडली, व्हॅन दारात लावली आणि दुपारच्या फेरीपर्यंत अंगणातच होते. आजवर या अंगणाकडे मी कपडे वाळत घालण्यापुरतंच बघितलं होतं. आज कोंबडीच्या नजरेनं बघितलं.

उजवा कोपरा झाडाखाली आहे, सावली छान. डावीकडे सकाळचं ऊन येतं. मधला भाग स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो. मी उजवा कोपरा ठरवला आणि चार विटा ठेवून खूण केली. विटांच्या आत जाऊन उभी राहिले. दोन्ही हात पसरून गोल फिरले. शेजारीण गच्चीतून बघत होती. मी व्यायाम करतेय असं दाखवलं.

एवढ्यानंच मला फार काही केल्यासारखं वाटतंय. अजून फक्त विटा ठेवल्यात.

१५ फेब्रुवारी, रविवार

दादानं तयार जाळीघर पाठवून दिलं. मला न विचारता. मोठ्ठा खोका, वर चित्र: हिरवळ, हसरं कुटुंब, आत ऐटीत फिरणाऱ्या कोंबड्या. फोनवर म्हणाला, "नळ्या एकमेकांत खोचायच्या, झालं. कुणालाही जमेल." 'कुणालाही' वर जरा जास्तच जोर होता.

मी आणि यांनी मिळून ते उभं केलं. चित्रात दिसत होतं त्याहून लेचंपेचं निघालं. नळ्या बोटाएवढ्या. वर तंबूसारखा आकार, म्हणजे मधोमध उभं राहता येतं आणि एक पाऊल बाजूला गेलं की डोकं जाळीला. हे माझ्याहून बुटके, तेसुद्धा वाकले. जाळी षटकोनी भोकांची, पातळ. मी स्वयंपाकघरातली कात्री आणून एक तार कापून बघितली. दोऱ्यासारखी तुटली.

"कोंबडी बाहेर जाणार नाही हिच्यातून," हे म्हणाले.

"बाहेरचं आत येईल त्याचं काय?"

संध्याकाळी वारा सुटला. आम्ही चहा पीत असताना ते सगळं घर आपल्या पायांनी चालत कपड्यांच्या दोरीपर्यंत गेलं. हे हसून हसून खाली बसले. मला हसू आलं नाही. आता दादाला सांगावं लागणार. दादाला 'नको' म्हणायची वेळ माझ्यावर आजवर फारशी आली नाही. मी तो प्रसंगच येऊ देत नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं. "दादा, तुझं जाळीघर परत पाठवतेय. वेल्डरकडून लोखंडी बनवून घेणार आहे."

दादा म्हणाला, "तुझी मर्जी. मी आपलं तुझं काम सोपं करत होतो."

फोन ठेवला आणि नळ्या खोक्यात भरल्या. मग सडकून भूक लागली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

बाबांचा फोन आला, आपण होऊन. असं कधी होत नाही. काय करतेयस विचारलं, मी सांगितलं. मग सूचना सुरू झाल्या. मी गॅसच्या पावतीच्या मागे लिहून घेतल्या, त्या इथं उतरवते.

जाळी चौकोनी भोकांची, सांधे वेल्ड केलेली हवी. बरोबर. दुकानदारही तेच म्हणाला.

पत्रा उतरता हवा. बरोबर.

घरापासून जाळीघरापर्यंतची वाट एकदम सपाट हवी, फरशी वर-खाली नको. "कोंबडी ठेचकाळते." मी विचारलं, कोंबड्या वाटेवरून कशाला चालतील, त्या तर आत असणार? तर म्हणाले, "ने-आण होते."

आत एक बाक हवा, पाठ टेकता येईल असा. "कोंबड्यांना?" "अगं, त्या उड्या मारतात बाकावर. त्यांना उंचावर बसायला आवडतं." पाठ टेकता येईल असा कशाला, ते विचारायचं राहिलं.

दिवा हवा. "कोंबडीला अंधारात दिसत नाही, घाबरते."

इतका जीव लावणारा माणूस आहे हा. आमच्या लहानपणी खांबावर चढून वीज दुरुस्त करायची नोकरी होती त्यांची. आम्ही झोपल्यावर घरी येत, उठायच्या आत जात. तेव्हा आमच्या ठेचांची चौकशी झाली नाही, आता कोंबड्यांच्या होतेय. मजा वाटली. थोडं काहीतरी आणखीही वाटलं, पण ते लिहिण्याजोगं नाही.

शेवटी मी विचारलं, "बाबा, तुमची उंची किती?"

"सहा फूट एक."

ती नोकरीला लागतानाची. आता पाच-दहाच्या वर नसतील, चांगलेच वाकलेत. पण माणसाला असं तोंडावर कसं म्हणायचं?

२१ फेब्रुवारी, शनिवार

बरं झालं घाई केली नाही. आज शाळेला सुट्टी, तर अंगणाला पाणी घालून बघितलं. बादल्यांवर बादल्या ओतल्या, सगळीकडे. पाणी बघता बघता माझ्या लाडक्या उजव्या कोपऱ्यात जाऊन बसलं आणि दुपारपर्यंत तिथंच होतं. सावली म्हणून मी कोंबड्यांना डबक्यात ठेवणार होते!

विटा उचलून मधल्या भागात नेल्या. तिथं जमीन किंचित उंच आहे, सकाळचं ऊन आहे, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं दिसतं. दुपारच्या उन्हासाठी एका बाजूला ताडपत्री लावता येईल.

हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. पाणी ओतून बघायचं माझंच डोकं. यांना दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लागले तर म्हणाले, "हो, बादल्या."

२६ फेब्रुवारी, गुरुवार

वेल्डर येऊन मापं घेऊन गेला. बोलका माणूस, एका मापाला एक गोष्ट सांगतो. उंची मी साडेसहा फूट सांगितली. बाबांनी सांगितलेल्या उंचीवर पाच इंच जास्त. "एवढी कशाला? कोंबड्याच ना?" तो म्हणाला. मी म्हटलं, "आमच्याकडे उंच माणूस येणार आहे." बाबांची उंची आता तेवढी नसेना का, मान तर ठेवायला हवा.

मग दाराचं आलं. दार आत उघडायचं की बाहेर? मी आतच म्हणत होते. आत उघडणारं दार ढकललं की कोंबड्या मागे सरतात, बाहेर उघडणारं ओढलं की सगळ्या पायांतून सटकतात. वेल्डरलाही पटलं. बाबांना फोन लावला, त्यांनाही पटेल म्हणून.

"दार बाहेर उघडलं पाहिजे."

"पण बाबा, कोंबड्या पळतील."

"पळू देत."

सात कोंबड्यांसाठी एवढे हट्ट केलेला माणूस म्हणतो पळू देत! मी कारण विचारलं तर आवाज चढला. "तुला सांगतोय ना, दार बाहेर. आत उघडणारं असेल तर मी येणार नाही."

वेल्डर ऐकत होता. म्हणाला, "बरोबर आहे, ताई. आत कुणी पडलं की दाराला अडतं आणि बाहेरच्याला काही ढकलता येत नाही."

"सात कोंबड्या पडून दार अडणार होय?" मी म्हटलं, आणि आम्ही दोघं हसलो.

कोंबड्या सटकू नयेत म्हणून मी तोड काढली. दाराच्या आत गुडघ्याएवढी जाळीची फळी, वरून उचलता येईल अशी. मग मनात आलं, बाबांना पाय उचलून ती ओलांडावी लागेल. तेव्हा ती बिजागरीवर केली, पायानं ढकलली की बाजूला होते, आपोआप परत येते. वेल्डर म्हणाला, हे मी आजवर कुणाला करून दिलेलं नाही. मी मान हलवली, जणू मी रोज अशा फळ्या शोधून काढते.

४ मार्च, बुधवार

उभं राहिलं!

लोखंडी खांब जमिनीत पुरले, सिमेंट ओतलं, चौकट चढली, चारी बाजूंनी आणि वरूनही जाळी ताणून बांधली, तिच्यावर उतरता पत्रा बसला. जाळीच्या कडा वेल्डरनं मोकळ्या सोडल्या होत्या, त्या मी स्वतः दुमडून बारीक तारेनं बांधल्या, बाबांचा हात कुठं कापू नये म्हणून. म्हणजे कोंबड्यांचा पंख.

खांबाला लोंबकळून बघितलं. हललं नाही. यांनाही लोंबकळायला लावलं.

फोटो काढून दादाला पाठवला. त्यानं अंगठा पाठवला. नुसता अंगठा.

बाबांना फोटो दिसत नाही त्यांच्या फोनवर. फोनवरून तोंडानं सगळं सांगितलं. ऐकून म्हणाले, "खालून काय केलंस?"

"खालून म्हणजे?"

"कुत्रं वरून येत नाही."

राग आला. एवढं सगळं झालंय, एक शब्द चांगला नाही.

७ मार्च, शनिवार

शेजारच्यांचा कुत्रा गोल्या रात्रीत कुंपणाखालून आला आणि जाळीघराच्या मागच्या बाजूला असा खड्डा खणून गेला की तो स्वतः आरामात आत गेला असता. आत काहीच नव्हतं म्हणून कंटाळून गेला असावा.

सकाळी तो खड्डा मी हातानं मापून बघितला. कोंबड्या असत्या तर? बाबांनी सकाळी दार उघडून काय बघितलं असतं?

दिवसभर काम. उरलेली जाळी जाळीघराच्या भोवती जमिनीवर आडवी अंथरली, दोन फूट रुंद, खांबांना बांधून टाकली, वर माती आणि दगड. कुत्रं भिंतीच्या कडेलाच खणतं, त्याला मागे सरून खणायचं सुचत नाही. संध्याकाळी शेजाऱ्यांना सांगून गोल्याला मुद्दाम सोडायला लावलं. आला, खणलं, नखं जाळीवर वाजली, विचारात पडला, पुन्हा खणलं. मग माझ्याकडे असं बघितलं जसं मी त्याचं काही चोरलंय.

बाबांना फोन केला. "खालून केलं." "हं," म्हणाले. मग, "हात दुखत असतील. गरम पाण्यात धर."

११ मार्च, बुधवार

बाबा येणार नाहीत.

दुपारच्या फेरीआधी फोन आला. "माझं इथं बरं चाललंय. तू उगीच खटाटोप केलास."

मी व्हॅनमध्ये बसले होते, किल्ली हातात. कसंबसं विचारलं, "झालं काय?"

"तुझा दादा म्हणत होता, तू माझ्यासाठी वाट सपाट केलीस, बाक केलास, दिवा लावलास. बाथरूमचं दारही फिरवून घेतलंस म्हणे. माझ्यासाठी कुणी काही करायचं नाही. ठरलं होतं ते कोंबड्यांचं."

ते दार खरंच फिरवलं होतं, दादाला मीच फोनवर सांगितलं होतं. वाटेच्या कामासाठी माणूस आलाच होता, त्याच्याकडून घरातलं बाथरूमही बाहेर उघडणारं करून घेतलं. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. बाबांना बाहेर उघडणारी दारं आवडतात, एवढंच.

मला दादाचा राग आला, मग बाबांचा, आणि मग मला एकदम कळलं की आता रागानं काही होणार नाही. व्हॅनमध्ये मुलांना आवरताना लावते तो आवाज मी लावला.

"बाबा, एक गैरसमज काढून टाका. तुमच्यासाठी मी काहीसुद्धा केलेलं नाही. वाट कोंबड्यांसाठी. बाक कोंबड्यांसाठी. दिवा कोंबड्यांसाठी. तुम्हीच सांगितलंत ना तसं? मी लिहून घेतलंय."

मी किल्ली पुढ्यात ठेवली.

"आणि आता एवढं केल्यावर मी रविवारी येणार आहे आणि कोंबड्या घेऊन जाणार आहे. तुम्हाला यायचं नसेल तर नका येऊ. तुमची मर्जी."

पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता, म्हणजे खुराड्याजवळ उभे होते.

"बाथरूमचं दार कोंबड्यांसाठी?" बाबांनी विचारलं.

"आंघोळ घालावी लागली एखादीला, तर?"

बाबा हसले की खोकले ते कळलं नाही. मग म्हणाले, "त्यांना माझ्याशिवाय करमायचं नाही."

"मग बघा बाबा. तुम्हीच ठरवा."

"रविवारी लवकर ये. ऊन झालं की धापा टाकतात."

दुपारची फेरी पाच मिनिटं उशिरा गेली. मुलं म्हणाली, "ताई, आज तुम्ही गाणं का म्हणताय?"

१५ मार्च, रविवार

शाळेच्या व्हॅनमधून सात कोंबड्या आणि एक बाबा आणले. कोंबड्या मागच्या सीटांवर, टोपल्यांत, वर ओलं फडकं. बाबा पुढे, माझ्या शेजारी. मी गाडी चालवताना बाबा कधी बसले नव्हते. वळणावर आरशात बघतेय ना, यावर लक्ष ठेवून होते. सिग्नलला एकदा म्हणाले, "लवकर ब्रेक मारतेस. बरं असतं ते."

सामान म्हणजे एक पेटी, एक रेडिओ आणि दाण्यांची पोती. पोती सगळ्यात जड.

कोंबड्या रात्री जाळीघरात गपचूप बसल्या. बाबा खोलीत. दिवा दोघांकडेही चालू आहे.

१६ मार्च, सोमवार

सकाळची फेरी करून आले तर घरात बाबा नाहीत. बाथरूममध्येही बघितलं. खिडकीतून बघितलं तर जाळीघरात.

सपाट वाटेनं गेले असणार, दार ओढून, पायानं फळी ढकलून. बाकाच्या पाठीवर एक हात ठेवून दाणे टाकत होते. मग हात काढला आणि उभे राहिले. नुसते उभे, पूर्ण. डोकं जाळीच्या खाली जेमतेम पाच बोटं.

सहा फूट एकच आहेत ते. अजून. मला वाटत होतं वयानं वाकलेत. इतकी वर्षं त्यांच्या घरच्या त्या बुटक्या खुराड्यात गुडघ्यांवर जाऊन, खाली बघत, वाकून वाकून त्यांनी तशी सवय लावून घेतली होती, आणि आम्ही म्हणत राहिलो, बाबा थकले.

मी तिथंच उभी राहिले, हाक मारली नाही. त्यांनी वर हात करून जाळी चाचपली. एक खांब धरून हलवला. मग माझ्या दुमडलेल्या कडांवरून अंगठा फिरवत पूर्ण एक फेरी मारली, मी व्हॅनमध्ये मुलांच्या सीटचे पट्टे तपासते तशी.

मी साडेसहा फूट सांगितलं होतं. मीच.

२२ मार्च, रविवार

दादा आणि वहिनी आले. दादा दारातूनच म्हणाला, "बघू तरी काय किल्ला बांधलाय." मी मागे नेलं. बाबा बाकावर बसले होते, मांडीवर एक तांबडी कोंबडी.

दादा बाबांएवढाच उंच. सवयीनं मान खाली घालून आत शिरला, आत आल्यावर लक्षात आलं, हळूच ताठ झाला. वर बघितलं, चारी बाजूंना बघितलं.

"लाथ मारून बघ," बाबा म्हणाले.

"काय?"

"खांबाला. मार. जोरात."

दादानं आधी हळू मारली, मग जोरात, मग पाय चोळत बसला. कोंबड्या बाजूला झाल्या, जाळीघर होतं तसंच.

"बाबा, तुम्ही सांगून करून घेतलंत म्हणून एवढं चांगलं झालं," दादा म्हणाला. चांगल्या मनानं म्हणाला, मला माहीत आहे. तरी मी पायाखालच्या मातीकडे बघायला लागले.

बाबांनी कोंबडी खाली ठेवली. बाकाच्या पाठीचा आधार घेऊन उठले, वेळ लागला, कुणी हात द्यायला गेलं नाही. दादाच्या समोर उभे राहिले. दोघं एका उंचीला.

"हिनं केलंय," बाबा म्हणाले. "जागा हिनं शोधली, कुत्र्याला हिनं हरवलं, ही उंची, ही फळी, सगळं हिचं. मी फक्त कटकट केली."

दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "चिमणे, आमच्या बाल्कनीत काही करता येईल का गं? एक-दोन कुंड्यांसाठी?"

"मापं पाठव," मी म्हटलं. "बघते."

आत चहा ठेवायला आले. दूध उतू गेलं, गॅस विझला, पुन्हा पेटवला. खिडकीतून तिघं दिसत होते, बाबा वहिनीला पायानं फळी ढकलून दाखवत होते, परत परत.

आज जास्त लिहीत नाही. छाती इतकी फुगलीय की वहीपर्यंत हात पोचत नाही.